झेंडू, झिनिया की ऑफिस टाइम?

2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं आमचं लातूर. इथं अंगणात फुलं लावायची तर रंगाआधी पाणी बघावं लागतं.

दसऱ्याला घरच्या फुलांचं तोरण हवं असेल तर झेंडूच लावा. जुलैत बी टाकलं की आठवड्याच्या आत उगवतं आणि पावसाळ्यात पाण्याची फारशी चिंता नसते. रोप महिना-सव्वा महिन्याचं झालं की शेंडा खुडायचा. हे जिवावर येतं, मलाही सुरुवातीला यायचं. पण न खुडलेलं रोप नुसतंच उंच जातं. खुडलं की चहूबाजूंनी फुटवे येतात आणि फुलं कितीतरी जास्त लागतात. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मूळ सडतं, म्हणून सपाट जागी न लावता वरंब्यावर लावा, शेणखत भरपूर घाला. झाडावरच एक-दोन फुलं वाळू द्या. चुरगाळली की काळ्या काड्या निघतात, टोकाला पांढुरकी शेपटी असलेल्या. तेच पुढच्या वर्षीचं बी. संकरित जातीचं मात्र जसंच्या तसं फूल येत नाही.

झिनिया फुलदाणीसाठी झेंडूपेक्षा सरस, आणि फुलपाखरांनाही फार आवडतो. त्याला रोप उपटून दुसरीकडे लावलेलं मानवत नाही, बी जागेवरच टोका. ढगाळ, दमट हवेत पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येते, तेव्हा दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला.

तेरड्याला ओल सतत लागते. नळ चार-आठ दिवसांनी येत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

उन्हाळ्याचं काय? एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 वर जातो, तेव्हा गच्चीवर टिकते ती ऑफिस टाइम, म्हणजे पोर्तुलाका. तिची जाड, रसाळ पानं पाणी धरून ठेवतात; फुटक्या बादलीतसुद्धा ती पसरते, फक्त बुडाला भोकं हवीत आणि मातीत वाळू. एक गोष्ट आधी लक्षात घ्या: ही फुलं ऊन चढल्यावर उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. सकाळी लवकर कामावर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला ती उमललेली दिसायची रविवारीच. अशांनी झेंडू-झिनियाच बघावा. बाकी कुणी ऑफिस टाइमवर पैसे घालवू नका. शेजारच्या काकूंकडून बोटभर लांबीच्या चार काड्या मागून आणा आणि ओल्या मातीत खोचा.