सकाळी चालू न होणारा डेस्कटॉप: एसएमपीएस बदलल्यानंतरचा अनुभव

४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा) नवा एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा, बसवल्यापासून पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरची थंडीही गेली. डेस्कटॉप रोज सकाळी पहिल्याच बटणाला चालू होतो. त्याआधी दुकानात मदरबोर्ड गेल्याचं निदान झालं होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मशीन जुनं आहे: चौथ्या पिढीचा आय-५, एच८१ बोर्ड, डीडीआर३ रॅम. माझं काम डीटीपीचं. पेजमेकर आणि श्रीलिपीत केलेल्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, बिलबुकं, सगळं याच मशीनवर आहे. दरवर्षी तीच गिऱ्हाईकं तीच फाइल थोडी बदलून मागतात. त्यामुळे ‘नवीनच घ्या’ हा सल्ला मला परवडणारा नव्हता.

दुखणं असं होतं. सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबायचा. पुन्हा दाबलं तर तेही नाही. भिंतीवरचा स्विच चालू ठेवून थोड्या वेळाने दाबलं की मात्र सरळ विंडोज यायचं, आणि मग दिवसभर कितीही वेळा रीस्टार्ट करा, तक्रार नाही. थंडीत आणि पावसाच्या दमट दिवसांत त्रास जास्त. यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे रात्री स्विच बंद न करता फक्त विंडोज शटडाउन केलं, तर सकाळी मशीन मुकाट्याने चालू व्हायचं.

स्वस्तातले उपाय आधी केले. रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसले. तारीख मागे जात होती म्हणून बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदलला, तारीख टिकली, पण मूळ आजार तसाच. कॅबिनेटचं बटण खराब असेल म्हणून बोर्डावरची त्याची वायर काढून ‘पॉवर स्विच’च्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहिल्या. तीच अर्धी गिरकी.

दुकानात एसएमपीएसची हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवला होता आणि ‘हा ओके आहे’ म्हणून सांगितलं होतं. या चाचणीवर माझा अजिबात विश्वास नाही. पंखा फिरायला कितीसा करंट लागतो? खरा भार बोर्ड आणि प्रोसेसरचा. आणि तेही दुपारी, एसएमपीएस गरम असताना तपासलेलं.

मी सकाळी, स्विच लावल्या लावल्या, २४ पिनच्या कनेक्टरवर जांभळ्या वायरला मल्टीमीटर लावला. ही पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन, मशीन बंद असतानाही जिवंत असते. नियमाने ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवी. माझ्याकडे ती साडेचारच्याही खाली होती आणि हळूहळू चढत होती. पुरेशी वर आली की बटण चालायचं. एसएमपीएसमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वाळत गेले की थंड असताना नीट काम देत नाहीत, गरम झाले की सावरतात. रात्रभर स्विच चालू ठेवल्यावर मशीन का चालायचं, त्याचा उलगडा इथे झाला.

कपॅसिटर बदलायला एसएमपीएस उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका. २३० व्होल्टच्या सप्लायवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

नव्या एसएमपीएसबद्दल: आवाज जवळजवळ नाही. स्टँडबाय लाइन भर थंडीतही पाच व्होल्टला चिकटून आहे. माझ्यासारख्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला ४५० वॅट भरपूर झाले. खोक्यावर त्याहून मोठा आकडा असलेले बिनदर्जाचे स्वस्त एसएमपीएस मिळतात, त्यांच्या वाटेला मी गेलो नाही. तक्रार एकच. प्रोसेसरची चार पिनची वायर आखूड आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली बसतो, त्यामुळे ती बोर्डावरून तिरपी ओढून न्यावी लागली. घेण्याआधी ही लांबी जरूर विचारा.

यूपीएस जुनाच, ६०० व्हीएचा आहे. नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट, ज्याचं साध्या यूपीएसशी कधीकधी जुळत नाही) असल्याने साध्या यूपीएसवर लाइट जाताना मशीन बंद पडेल अशी धास्ती होती. पावसाळ्यात लाइट पुष्कळदा गेली, मशीन एकदाही रीस्टार्ट झालं नाही. तुमच्या यूपीएसवर असंच होईल असं नाही, तेव्हा बसवल्या दिवशीच सगळं सेव्ह करून, भिंतीवरचा स्विच बंद करून तपासून घ्या. बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी कळलेलं बरं.