अमेरिकन व्हिसाच्या ऑनलाइन क्लासचा रिव्ह्यू: शिक्का आणि एंट्री यातला फरक झकास, ग्रीन कार्ड मात्र गुंडाळलं

साडेतीन स्टार. चार दिले असते, पण शेवटचं सेशन ज्या घाईत उरकलंय ते बघून हात आखडता घेतला.

आधी हे सांगते की हा क्लास म्हणजे काय नाही, कारण जाहिरात वाचून बऱ्याच जणांना वाटतं की हे लोक फॉर्म भरून देतात, अपॉइंटमेंटची तारीख काढून देतात. तसलं काही नाही. डीएस-१६०, म्हंजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, भरून देणारे एजंट पायलीला पन्नास मिळतील. हा क्लास म्हणजे अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा मराठीतून समजावून सांगणारी ऑनलाइन सेशन्स, शिकवणाऱ्या मॅडम तिकडेच इमिग्रेशनच्या वकील आहेत, आणि तुमची पर्सनल केस सांगायला लागलात तर त्या सरळ थांबवतात, "मी इथे सल्ला देत नाही, कायदा सांगते." काही जणांना याचा राग आला, ग्रुपवर कुरकूर झाली की पैसे भरलेत तर सांगायला काय जातं. मला उलट बरं वाटलं. अर्धवट माहितीवर पन्नास जणांसमोर उत्तर फेकणारा वकील मला तरी नको.

सुरुवात त्या डायरेक्ट कायद्यापासून करतात. १९५२ चा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट, त्यातलं कलम १०१(ए)(१५). मला वाटलं आता झोप येणार, पण हाच भाग मस्त निघाला. आपण बी-२ (टुरिस्ट), एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी) असं जे रोज बोलतो ना ते सगळं या एकाच कलमातल्या उपकलमांचे नंबर आहेत. ए म्हणजे राजदूत वगैरे मंडळी, बी पाहुणे आणि बिझनेसवाले, सी ट्रान्झिट, डी म्हणजे जहाज-विमानाचा क्रू, एफ विद्यार्थी, असं करत करत पार व्ही पर्यंत. आणि या कलमाची रचनाच अशी आहे की बाहेरून येणारा प्रत्येक जण इमिग्रंटच, फक्त खालच्या खान्यांपैकी एकात बसत असेल तर तो इमिग्रंट नाही. म्हंजे तुम्ही चार आठवडे फिरायला निघालेले असा किंवा लेकीकडे निघालेले असा, कायद्याच्या नजरेत तुम्ही कायमचे राहायला आलेले, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची, ऑफिसरची नाही.

एवढं डोक्यात बसलं की २१४(बी), म्हंजे हे गृहीतक धरून व्हिसा नाकारतात ते कलम, आपोआप कळतं. आपल्याकडे नेहमीची तक्रार काय, "दोन मिनिटांत रिजेक्ट केलं, फाईल उघडून पण बघितली नाही." अहो पण ते फाईल बघायला बसलेलेच नाहीत, कायद्याने धरलेलं गृहीतक तुमच्या उत्तरांनी हलतंय का एवढंच बघतात. प्रॉपर्टीचे कागद, एफडीच्या पावत्या, सीएचं सर्टिफिकेट असा गठ्ठा घेऊन जाणाऱ्यांना मॅडमनी छान सुनावलं की ऑफिसरला तुमची श्रीमंती नाही बघायची, तुम्ही परत का याल ते बघायचंय. आणि हे गृहीतक एच-१बी आणि एल (आपल्याच कंपनीतून तिकडे बदलीवर जाणारे) वाल्यांना लागूच होत नाही, कायद्यात तशी सूट लिहिलेली आहे, म्हणून तर सॉफ्टवेअरवाल्या मुलाला परत येणार का असं कोणी खोदून विचारत नाही आणि त्याच्या रिटायर्ड वडिलांना मात्र विचारतात. एकाच घरातल्या दोघांना दोन वागणुका का, हे कोडं माझं तरी तिथे सुटलं.

२१४(बी) चा नकार म्हणजे बंदी नाही हेही नीट सांगितलं. परत अर्ज करता येतो, फक्त फी पुन्हा भरावी लागते, टुरिस्टला १८५ डॉलर, आणि परिस्थितीत काही फरक पडला नसेल तर उत्तरही बहुधा तेच. अपील नाही. कोर्टात जाऊ म्हणाल तर तिथेही दार जवळपास बंदच, व्हिसा नाकारल्याच्या निर्णयात कोर्ट सहसा हात घालत नाही, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्युन्योझ केसमध्ये तर अमेरिकन नागरिक बायकोला परदेशी नवऱ्याच्या व्हिसा नकारावर दाद मागता येईल असा घटनात्मक हक्क नाही असं सांगितलं. नवऱ्याबायकोची ही गत तर आपली काय कथा. २२१(जी) ची चिठ्ठी मात्र वेगळी, त्यात कागद कमी असतात नाहीतर तपासणी बाकी असते, ती मिळाली म्हणून घरात सुतक पाळायची गरज नाही.

आता या क्लासचं खरं सोनं. दुसरं सेशन. व्हिसा, एंट्री आणि स्टेटस या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या देणारी माणसंही वेगवेगळी आहेत. पासपोर्टवरचा शिक्का देतं कॉन्सुलेट, ते परराष्ट्र खात्याचं. विमानतळावर आत घेतो सीबीपीचा, म्हंजे सीमेवर तपासणी करणाऱ्या यंत्रणेचा ऑफिसर, तो होमलँड सिक्युरिटी खात्याचा. शिक्का म्हणजे दार ठोठवायची परवानगी, दार उघडायचं की नाही हे त्या दुसऱ्याच्या हातात. कायद्यात याला अ‍ॅडमिशन म्हणतात आणि त्याची व्याख्या पण आहे, तपासणी होऊन ऑफिसरने परवानगी दिल्यावर झालेला कायदेशीर प्रवेश. नुसते पाय अमेरिकेच्या जमिनीला लागले म्हणजे अ‍ॅडमिशन झालं असं नाही. पॅरोलवर, म्हंजे खास तात्पुरत्या परवानगीवर, आत सोडलेला माणूस वर्षभर तिथे राहिला तरी कायद्याच्या दृष्टीने तो अ‍ॅडमिट झालेला नसतो, हे ऐकून तर सगळे गप्पच झाले.

आणि मग आय-९४, म्हंजे आत घेतल्याची सरकारी नोंद. व्हिसावर दहा वर्षं लिहिलंय म्हणून दहा वर्षं राहता येतं असं समजणारे लोक अजून आहेत, क्लासमध्येच होते. दहा वर्षं म्हणजे तेवढ्या काळात येऊन दार ठोठवता येईल, आत आल्यावर किती राहायचं ते आय-९४ वरची तारीख सांगते, टुरिस्टला साधारण सहा महिने. ती तारीख आता ऑनलाइन बघावी लागते, आणि मॅडमचं म्हणणं बॅग यायच्या आत फोनवर उघडून बघा. उलटंही खरं, आय-९४ चालू असेल आणि व्हिसाचा शिक्का संपला तरी आत राहायला काही हरकत नाही, फक्त बाहेर पडलात तर परत येताना नवा शिक्का लागेल. त्यातही गंमत म्हणजे कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणार असाल तर बऱ्याच जणांना संपलेल्या शिक्क्यावर परत येता येतं, पण तिथे जाऊन नव्या व्हिसाला अर्ज टाकला की ती सवलत गेली.

एच-१बी वाल्यांसाठी एक गोष्ट इथे आली ती लाखमोलाची. पासपोर्ट लवकर संपत असेल तर ऑफिसर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, कंपनीच्या मंजुरीपत्रावर पुढची तारीख असली तरी. माणूस ते मंजुरीपत्र बघून निवांत, आणि इकडे आय-९४ संपून गेलेलं. भाच्याला लगेच फोन लावला, पासपोर्ट बघ म्हणून, तो म्हणे मावशी मी एफ-१ वर आहे माझ्या आय-९४ वर तारीखच नाही. खरंच आहे, विद्यार्थ्यांना डी/एस देतात, म्हंजे शिक्षण नियमाने चालू आहे तोवर. २०२५ मध्ये होमलँड सिक्युरिटीने ही पद्धत बंद करून ठरावीक तारीख द्यायचा प्रस्ताव आणला, तेव्हा ज्यांची मुलं जायची आहेत त्यांनी यावर लक्ष ठेवा.

जास्त राहिलं तर काय, याचा तक्ता मॅडमनी स्क्रीनवर टाकला तेव्हा चॅट बंद पडला एकदम. आय-९४ ची तारीख ओलांडली की तो व्हिसा आपोआप रद्द, दहा वर्षांचा असला तरी. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा जास्त राहून पडलात तर दहा वर्षं प्रवेश नाही. आणि ही बंदी लागते बाहेर पडल्यावर, म्हणून माणसं आतच अडकून बसतात, आईबाप गेले तरी येत नाहीत. अशी घरं आपण बघितलेली असतात, कारण कोणी सांगत नाही.

बाळंतपणाला जाणाऱ्या आयांचं उदाहरण मॅडमनी बरंच चघळलं आणि चांगलं केलं, कारण आपल्याकडून टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्या बायकांत याच जास्त. एजंट काय शिकवतात, "डिलिव्हरीचं बोलू नका, नायगारा बघायला चाललोय सांगा." हा सल्ला सगळ्यात घातक. लेकीला बाळ होतंय, तिला भेटायला, आधाराला चाललेय हे बी-२ मध्ये व्यवस्थित बसतं. न बसणारी गोष्ट म्हणजे दाई म्हणून कामाला जाणं, आणि "नातवंड सांभाळायला सहा महिने चाललेय, दोघंही नोकरी करतात" असं बोललात की ऑफिसरच्या डोक्यात कामाची घंटा वाजू शकते. २०२० पासून स्वतः तिकडे जाऊन मूल जन्माला घालून त्याला नागरिकत्व मिळवायचं हाच मुख्य हेतू असेल तर टुरिस्ट व्हिसा देत नाहीत, पण तो नियम बाळाच्या आईसाठी, आजीसाठी नाही. खोटं मात्र आजीलाही महागात पडतं. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा शेरा बसला, कलम २१२(ए)(६)(सी), तर ती बंदी आयुष्यभराची, माफी मागायची सोय आहे पण वाट अवघड. विमानतळावरच पकडलं तर तिथूनच परत पाठवतात आणि वर पाच वर्षं बंदी, ऑफिसरला योग्य वाटलं तर तुम्हाला अर्ज मागे घेऊन गुपचूप परत जाऊ देतो, पण ती त्याची मर्जी. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची ही सगळी तपासणी तिथेच होते, तिथेच आत घेतात किंवा अडवतात, अमेरिकेत उतरल्यावर मग डोमेस्टिक प्रवाशासारखं बाहेर पडायचं. हे मला माहीत होतं पण त्याचं कायद्यातलं वजन माहीत नव्हतं.

बाकीच्या कॅटेगऱ्या तिसऱ्या सेशनमध्ये भराभर घेतल्या, ते ठीकच. बी-१ वर मीटिंग चालते, करार करता येतो, पण तिथल्या ऑफिसात बसून रोजचं काम उरकता येत नाही. एल-१ ला आधीच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीत बाहेर काम झालेलं पाहिजे. ई-२ म्हणजे पैसे गुंतवून धंदा काढायचा व्हिसा, तो भारतीय पासपोर्टवर मिळतच नाही कारण तसा करार नाही, आणि ग्रीन कार्डाच्या लॉटरीतही भारत नाही. ही दोन वाक्यं ऐकूनच फी वसूल झाली असं एका काकांनी लिहिलं, त्यांना कोणीतरी दोन्ही विकायला बघत होतं म्हणे. एच-१बी चे वर्षाला ६५,००० व्हिसा आणि तिथली मास्टर्स असणाऱ्यांचे वेगळे २०,००० हे नेहमीचंच, वर सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर लावलेले एक लाख डॉलर कोणाला लागतात आणि कोणाला नाही ते मात्र नीट सोडवून सांगितलं.

तक्रारी. पहिली, पीडीएफ जुनं आहे. त्यात अजून लिहिलंय की ज्येष्ठांना इंटरव्ह्यू माफ. २ सप्टेंबर २०२५ पासून चौदाच्या आतली मुलं आणि ७९ च्या वरचे ज्येष्ठ यांनाही बहुतेक व्हिसांना इंटरव्ह्यू द्यावाच लागतो. मॅडम बोलताना बरोबर बोलल्या, पण लोक घरी जाऊन पीडीएफच उघडणार ना, आणि तेच पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार. पैसे घेऊन देताय तर दर महिन्याला एकदा बघून घ्या की.

दुसरी तक्रार मोठी. ग्रीन कार्ड. इतक्या घरांचा जीव जिथे अडकलाय तो विषय शेवटच्या अर्ध्या तासात. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, नोकरीवाल्यांना वर्षाला सुमारे १,४०,०००, कुटुंबाच्या प्रेफरन्सवाल्यांना २,२६,०००, हे आकडे स्लाइडवर आले आणि गेले. व्हिसा बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात, एक अर्ज टाकायच्या तारखांचा आणि एक खरा नंबर लागायच्या तारखांचा, ते वाचायचे कसे हे एकदा करून दाखवायला पाहिजे होतं, नाही दाखवलं. भावाबहिणीच्या एफ-४ लायनीत २०२५ साली भारताची तारीख २००६ वर होती, म्हंजे तेव्हा अर्ज टाकलेल्यांचा नंबर लागत होता, नोकरीवाल्यांच्या ईबी-२ मध्ये २०१३ वर. दीर-जाऊबाईंची फाईल अशाच लायनीत आहे, त्यांचा पोरगा एकविसाचा झाला की फाईलमधून बाहेर पडतो की काय, हा प्रश्न मी चॅटमध्ये टाकला, उत्तर आलं "२००२ चा चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट बघा." अहो बघा काय! वय मोजताना पिटिशन (नातेवाइकाने किंवा कंपनीने टाकलेला मूळ अर्ज) पेंडिंग असलेले दिवस वजा होतात एवढं वाक्य तरी बोलायचं, ते मला नंतर दुसरीकडे शोधून वाचावं लागलं. यावर वेगळा अ‍ॅडव्हान्स क्लास आहे असं शेवटी सांगितलं, त्याची वेगळी फी, आणि मग लक्षात आलं की घाई कशासाठी होती.

मराठी मात्र मॅडमचं छान आहे, उगाच बोजड शब्द नाहीत, स्टेटसला स्टेटसच म्हणतात. आवाज मधेच तुटतो पण रेकॉर्डिंग स्वच्छ असतं.

आईवडील पहिल्यांदा चाललेत किंवा पोरगं एफ-१ वर जातंय अशा घरांनी घ्या. एच-१बी वर तिकडे मुरलेल्यांना दुसरं सेशन सोडलं तर फारसं नवीन मिळणार नाही. आणि ग्रीन कार्डासाठी म्हणून घेत असाल तर फी भरायच्या आधी त्यांना विचारा की अ‍ॅडव्हान्सवाला एकटा देतात का, मला हा साधा क्लास आधी करावाच लागेल असं सांगितलं होतं, पण ग्रुपवरच्या एकीला थेट त्यात घेतलंय.