बालसंगोपन योजना: अनुदान मुलाच्या नावे, भाडे कुटुंबाच्या माथी

आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या किंवा त्यांच्याजवळ राहू न शकणाऱ्या मुलाला संस्थेत न पाठवता कुटुंबातच वाढवण्यासाठी राज्य सरकार बालसंगोपन योजना चालवते. कोल्हापुरातील काही कुटुंबांना अर्ज भरून देताना तिचा जवळून परिचय झाला, म्हणून या योजनेकडे वळू पाहणाऱ्या आजी-आजोबांसाठी, मावशी-काकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. २०२३ मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि प्रत्येक मुलामागे दरमहा मिळणारी रक्कम ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाली.

योजनेमागचा विचार मला पूर्णपणे पटतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालेल्या या शहरात मात्र 'पोराला बोर्डिंगात घाला' हा सल्ला आजही सहज दिला जातो. शिक्षणासाठी बोर्डिंग उत्तमच. पण नुकतेच आईला मुकलेल्या सहा वर्षांच्या मुलाला आधी ओळखीचे माणूस लागते, आणि मुलाने कोठे राहावे हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे प्रकरण नेताना हीच बाजू ठामपणे मांडावी.

माझा मुख्य आक्षेप घराबाबत आहे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड यांच्या जोडीला मुलाचा पालकासह घरासमोर काढलेला फोटोही मागतात. परंतु ते घर पुढल्या वर्षी त्यांच्याकडे राहील की नाही, याची तजवीज योजनेत कोठेच नाही. अकरा महिन्यांचा करार संपताच मालकाने भाडे वाढवले किंवा 'आमच्या माणसांना खोली हवी आहे' असे सांगितले, की कुटुंब उपनगराकडे सरकते, मुलाची शाळा लांब पडते आणि कागदोपत्री पत्ता बदलण्याचा खटाटोप सुरू होतो. ज्या मुलाने एकदा घर गमावले आहे, त्याला हे स्थलांतर इतर मुलांपेक्षा अधिक जाचते. अनुदान मुलाच्या खाण्यापिण्यासाठी आणि शिक्षणासाठी असते, हे मान्य. तरी डिपॉझिटची रक्कम एकरकमी उभी करता न आल्याने आजीला नातवाला घेऊन वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवावे लागत असेल, तर योजनेचा निम्मा हेतू तेथेच वाया जातो.

कोल्हापुरात यात पुराची भर पडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पाणी चढू लागले की नदीकाठच्या सुतारवाडा वस्तीतील कुटुंबांना सर्वांत आधी बाहेर पडावे लागते. नदीकाठच्या खोल्यांचे भाडे परवडते म्हणून अशी कुटुंबे तेथे राहतात, हे गृहचौकशी, म्हणजे अर्जदाराच्या घराची पाहणी, करणाऱ्याने अहवालात नोंदवले पाहिजे. घर नीटनेटके आहे एवढा शेरा पुरेसा नाही.

अठराव्या वर्षाचा प्रश्न त्याहून गंभीर वाटतो. बाल न्याय कायद्यातील अनुरक्षणाची, म्हणजे अठरा वर्षांनंतरच्या आधाराची, तरतूद बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी आहे, त्यामुळे मावशीच्या घरी वाढलेला मुलगा त्या तरतुदीच्या शब्दशः व्याख्येत बसत नाही आणि बालसंगोपनाचे अनुदान तर अठरा पूर्ण होताच थांबते. संस्थेऐवजी कुटुंब निवडले, याची ही अजब शिक्षा आहे.

एवढे असूनही अर्ज जरूर करावा. भाड्याच्या घरात राहत असाल, तर मालकाशी बोलून अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार करता येतो का ते पाहावे. करार लेखी असावा व तो नोंदवून घ्यावा; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी मालकावर असते, हे त्याला सौम्यपणे पण स्पष्टपणे सांगावे. घर बदलावेच लागले, तर नवीन पत्ता त्याच आठवड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाला (योजनेचे काम पाहणारे जिल्ह्याचे कार्यालय) लेखी कळवून पोच घ्यावी.