पायथॉनमध्ये एक्सएमएल वाचताना: एक्सएमएलटूडिक्ट, एलिमेंटट्री की एलएक्सएमएल?

पॉडकास्टचं फीड, म्हणजे त्याच्या भागांची यादी देणारी एक्सएमएल (टॅगांत मांडलेल्या मजकुराची) फाइल, समोर ठेवा. 'चॅनल'च्या आत दर भागाचा एक 'आयटम', त्याच्या पोटात 'एन्क्लोजर', आणि ऑडिओचा पत्ता त्याच्या 'यूआरएल' अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. शीर्षकातल्या तीन लायब्ररींपैकी एक वापरून तो पत्ता काढायचाय.

एक्सएमएलटूडिक्ट पहिल्या दिवशी फार सोपं वाटतं. अख्खी फाइल डिक्शनरी होऊन हातात येते, चौकटी कंस लावत आत उतरायचं. पण दहा भाग असले तर 'आयटम'ची लिस्ट मिळते आणि एकच असला तर नुसती डिक्शनरी. तिच्यावर लूप फिरवला की भागांऐवजी टॅगची नावं येतात आणि पुढच्याच ओळीवर टाइपएरर. जुन्या, भरलेल्या फीडवर चाचणी केली असेल तर हे दिसतच नाही. नुकत्याच सुरू झालेल्या पॉडकास्टवर मात्र हमखास आपटतं. 'फोर्स_लिस्ट' या पर्यायात 'आयटम' लिहिला की प्रश्न सुटतो, पण कुठला टॅग पुन्हा येऊ शकतो हे आधी माहीत हवं. अनोळखी फाइलसाठी म्हणूनच मी हे वापरत नाही.

एलिमेंटट्री पायथॉन २.५ पासून सोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. त्याचं 'फाइंडऑल' कायम लिस्टच देतं: शून्य, एक वा शंभर. माझ्या मते घरट्यासारख्या एकात एक डेटासाठी हाच सगळ्यात मोठा गुण. 'फाइंड'ला टॅग सापडला नाही तर 'नन' (काहीच नाही) येतं, म्हणून मजकुरासाठी डीफॉल्ट देऊन 'फाइंडटेक्स्ट' वापरा. एक खड्डा मात्र लक्षात ठेवाच. 'एन्क्लोजर' आहे का, हे नुसत्या 'इफ'ने तपासू नका. ज्या एलिमेंटला मुलं (म्हणजे आत दुसरे टॅग) नाहीत तो असूनही खोटा ठरतो, आणि 'एन्क्लोजर'ला मुलं नसतातच. 'इज नॉट नन' असंच लिहा. नेमस्पेस (नावापुढे प्रीफिक्स लावून टॅगचा गट सांगायची सोय) असलेले टॅग थोडे त्रासाचे: 'फाइंड'ला प्रीफिक्सची डिक्शनरी द्यावी लागते.

एलएक्सएमएल वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. पूर्ण एक्सपाथ १.० (एक्सएमएलमधले टॅग अटी लावून शोधायची भाषा) हवा असेल (समजा, ठरावीक आकाराहून मोठ्या ऑडिओचेच भाग), किंवा मुलाकडून पालकाकडे जायचं असेल, तर ते घ्याच. एलिमेंटट्रीत लिहिलेला बराचसा कोड इंपोर्टची ओळ बदलून तिथे चालतो, म्हणून सुरुवात एलिमेंटट्रीने करायला हरकत नाही. बदलताना कॉमेंट तेवढ्या तपासा: एलिमेंटट्री त्या गाळून टाकतं, एलएक्सएमएल झाडात ठेवतं, आणि मुलांवरच्या लूपमध्ये त्याही येतात.