घाणेरी-रानमोडी मुळासकट काढणारी वाळपईकडची माणसं, एका पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

गोव्यात वाळपईजवळ आमचं ६,००० चौरस मीटरचं भाट (बागायत) आहे, वर काजू आणि खाली वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, किंदळ-माट्टीच्या झाडांचं जुनं रान. आजोबा गेल्यावर कोणी फिरकलंच नाही, घाणेरी आणि रानमोडी या माजणाऱ्या झुडपांनी असं घेरलं की विहिरीकडची वाट पण दिसेना. आधी एकाला ग्रास कटर घेऊन बोलावलेलं, दोन दिवसांत सगळं भुईसपाट, आम्ही खूश, आणि जूनचा पाऊस पडला तसे एकेका खुंटातून पाच-सहा फुटवे, आधीपेक्षा दाट. पैसे पाण्यात गेले.

म्हणून गेल्या ऑक्टोबरात गावातलेच चौघे बोलावले, दोन भाऊ आणि त्यांच्या बायका, मशीन नाही, कोयते आणि पिकास (टिकाव). दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंची पद्धत मी वाचलेली, ती त्यांना सांगितली: घाणेरी वरून छाटायची नाही, बुंध्याची माती बाजूला करून जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं टाकायचं, मुळं वर, म्हणजे परत रुजत नाही. थोरल्या वहिनींचा दोन-तीन झुडपांत हात बसला, मग पिकासाचा एकच घाव, पायाने रेटा, की झुडूप आडवं. माती अजून ओली होती त्यामुळे रानमोडी तर नुसती ओढली की मुळासकट हातात. धाकट्याचं बोट कापलं तर त्याने तिथलाच रानमोडीचा पाला चुरून लावला आणि परत कामाला.

सहा दिवस लागले, हजेरीवर. ग्रास कटरपेक्षा महाग पडलं, पण मला पटलं. मोठ्या झाडाला कोयता लावला नाही, गोव्यात १९८४ च्या कायद्याने झाड तोडायला परवानगी लागते हे त्यांना आधीच माहीत होतं. एक चूक मात्र झाली, पहिल्या दिवशी करवंदीच्या दोन जुन्या जाळ्या पण उपटल्या, मला खरंच वाईट वाटलं, लहानपणी त्याच जाळ्यांची करवंदं खाल्लेली. दुसऱ्या दिवशी मी राखायच्या झुडपांना लाल चिंध्या बांधल्या, तुम्ही पहिल्याच दिवशी बांधा.

आणि ऑगस्टमध्ये न बोलावता परत आले!! बुलबुल घाणेरीची काळी फळं खाऊन जिथे बसतात तिथे खाली रोपं उगवतातच, ती दोघींनी एका सकाळीत हाताने उपटली. वहाळाकडच्या कोपऱ्यात थोडी रानमोडी अजून आहे, बाकी मोकळ्या जागेत कुडा आणि किंदळीची रोपं गुडघ्याएवढी झालीत.

पाचपैकी साडेचार, अर्धा करवंदीचा कापला. बोलवायचं असेल तर चतुर्थी झाली की लगेच सांगून ठेवा, डिसेंबरनंतर रानमोडीच्या म्हाताऱ्या (केसाळ बिया) उडायला लागतात आणि ही माणसं पण तोवर काजूच्या बागा साफ करायला गेलेली असतात.