ईए स्पोर्ट्‌स कॉलेज फुटबॉल २५: पोर्टल आहे, पैसा नाही

या व्हिडिओ गेमच्या कव्हरवर तिघं आहेत, आणि त्या तिघांची कुंडली मांडली तरी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं गेल्या काही वर्षांत काय झालं ते समजतं. ट्रॅव्हिस हंटर जॅक्सन स्टेटला होता. कोच डिऑन सँडर्स कोलोरॅडोला गेले, त्यांच्या मागोमाग तोही गेला. क्विन ईवर्स २०२१ मध्ये कोलंबसच्या आमच्या ओहायो स्टेटला आला, सीझनभरात दोन खेळींपुरता मैदानात उतरला आणि टेक्सासला निघून गेला. तिसरा मिशिगनचा डोनोव्हन एडवर्ड्‌स. तो चारही वर्षं एकाच कॉलेजात राहिला. २०२२ मध्ये त्यानं कोलंबसला येऊन ७५ आणि ८५ यार्डांच्या दोन दौडी मारल्या आणि आमचा निकाल लावला. तो सल अजून गेलेला नाही, पण कव्हरवरची त्याची जागा योग्यच आहे.

मी मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. २०१० मध्ये एमएस करायला कोलंबसला आलो आणि इथलाच झालो. चेंडू हातात धरून पळायचा हा फुटबॉल अर्धाअधिक शिकलो तो याच गेमच्या जुन्या आवृत्त्यांवर, रूममेटच्या एक्सबॉक्सवर. २०१३ च्या ‘एनसीएए फुटबॉल १४’नंतर मालिका बंद पडली. १९ जुलै २०२४ ला ती परत आली, तेव्हा पहिल्याच दिवशी घेतली.

मधली अकरा वर्षं का गेली हे ठाऊक असल्याशिवाय या गेमचं मोल कळणार नाही. जुन्या गेममध्ये खेळाडूंची नावं नसायची, पण जर्सीचा नंबर, उंची, वजन, चेंडू कुठल्या हातानं फेकतो, सगळं हुबेहूब. एड ओबॅनन हा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए कॉलेजचा बास्केटबॉलपटू. त्याला मित्राच्या घरी बास्केटबॉलच्या अशाच गेममध्ये स्वतःचा जुळा दिसला: ३१ नंबर, डावखुरा. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. गेम बनवणाऱ्या ईएनं आणि लायसन्सिंग कंपनीनं ४ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि कॉलेजचा गेम थांबला. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्स्टन खटल्यात एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, विरोधात ९-० असा निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर नि चेहऱ्यावर कमवायची मुभा मिळाली. इथे सगळे त्याला एनआयएल म्हणतात.

मला हे जरा जास्तच जवळचं वाटतं. मी आलो त्याच वर्षी डिसेंबरात आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळी चालवणारा खेळाडू) टेरेल प्रायर आणि आणखी चौघांवर पाच सामन्यांची बंदी आली. गुन्हा काय, तर स्वतःला मिळालेली अंगठी, बक्षिसं, मिशिगनला हरवल्यावर मिळणारी सोन्याची इवलीशी ‘गोल्ड पँट्‌स’ असल्या वस्तू विकल्या आणि टॅटू फुकटात किंवा स्वस्तात काढून घेतले. हे आधी कळूनही लपवलं म्हणून कोच जिम ट्रेसल यांना पुढच्या मे महिन्यात राजीनामा द्यावा लागला. २०१० चे विजय रेकॉर्डमधून पुसले गेले. त्या काळात मी विद्यार्थी व्हिसावर, आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत, कॅम्पसच्या मेसमध्ये भांडी विसळत होतो आणि त्याचा पगार नियमितपणे माझ्या खात्यात जमा होत होता. शनिवारी लाखभर लोकांसमोर अंग मोडून घेणाऱ्या पोराला मात्र फी, खोली, जेवण यापलीकडे कमाईची बंदी. तो सरळ सरळ अन्याय होता.

आता गेममध्ये खरी नावं, खरे चेहरे आहेत. या आवृत्तीसाठी होकार देणाऱ्या प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. ११,००० हून जास्त खेळाडूंनी होकार दिला. मोठा स्टार असो की बाकावर बसणारा, संघात असल्याची रक्कम एकच. कव्हरवरच्यांचे करार तेवढे वेगळे. ही समानता मला आवडली, रक्कम नाही आवडली. गेम आला तेव्हा ७० डॉलरला होता, म्हणजे आठ-नऊ प्रतींच्या किमतीत एक पोरगा आला, आणि विक्रीतला वाटा काहीच नाही. पुढच्या आवृत्तीत हाच आकडा १,५०० वर नेला, ते बरं केलं.

खेळायला गेम झकास आहे. १३४ संघ, आणि प्रत्येकाचं स्टेडियम वेगळं वाटतं. टेक्सास ए अँड एमच्या काइल फील्डवर पाहुणा म्हणून खेळा: गर्दी ओरडायला लागली की स्क्रीन थरथरतो, फेकलेला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरनं कुठे पळायचं ते दाखवणाऱ्या रेषा वेड्यावाकड्या होतात, आणि नवखा क्वार्टरबॅक असेल तर खेळी ऐन वेळी बदलणं अवघड होऊन बसतं. घरच्या मैदानाचा फायदा इतका अंगावर येणारा मी दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या गेममध्ये पाहिलेला नाही.

पण माझा वेळ जातो तो ‘डायनेस्टी’मध्ये. त्यात तुम्ही कोच असता: शाळकरी पोरं हेरायची, आठवड्याचे ठरावीक तास त्यांच्यावर खर्चायचे, संघ बांधायचा. मी मुद्दाम केंट स्टेट घेतलं, आमच्याच राज्यातलं छोटं कॉलेज. एक सडपातळ रिसीव्हर कुणीही विचारत नव्हतं म्हणून मिळाला. पहिलं वर्ष बाकावर, दुसऱ्या वर्षी दर सामन्याला भरवशाचा. सीझन संपला आणि सोडून जाणाऱ्यांची यादी उघडली, तर त्याचं नाव वरच. कारण समोर लिहिलेलं: त्याला विजेतेपदाच्या शर्यतीतला संघ हवा. मनधरणीचं बटण दाबलं, तो बधला नाही. कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची नावं ज्यात येतात त्या ‘पोर्टल’च्या आठवड्यांत मोठी कॉलेजं त्याच्यावर तुटून पडली आणि तो गेला.

हे अगदी खरं आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणारा पेठेतला पोरगा तालीम, म्हणजे आपला संघ, बदलून समोरून उतरला की आठवडाभर दुसरा विषय नसतो, तशीच तळमळ गेमनं बरोबर पकडली आहे. प्रत्यक्षातही छोट्या कॉलेजांचं असंच होतं. कर्टिस रूर्क ओहायो युनिव्हर्सिटीत घडला आणि २०२४ मध्ये इंडियानाला जिंकून देऊ लागला. पोर्टल २०१८ मध्ये सुरू झालं, तेव्हा कॉलेज बदलणाऱ्याला सहसा वर्षभर बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायला सूट मिळाली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये अभ्यास समाधानकारक असेल तर कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली.

आता माझी मुख्य तक्रार. डायनेस्टीत पैसाच नाही. खेळाडूच्या मागण्यांच्या यादीत खेळायला मिळणारा वेळ, घरापासूनचं अंतर, कोचचं नाव, कॅम्पसचं वातावरण, झळकण्याची संधी हे सगळं आहे. किती देणार, हा प्रश्नच नाही. ज्या हक्कामुळे हा गेम पुन्हा दुकानात आला तो कोचच्या टेबलावर कुठेच दिसत नाही. खऱ्या जगात क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका २०२४ मध्ये लास वेगासच्या यूएनएलव्ही कॉलेजला सलग तीन सामने जिंकून देतो आणि कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत म्हणून मधूनच बाहेर पडतो. कॉलेजला ते मान्य नसतं. निको यामालियावा २०२५ च्या एप्रिलमध्ये पैशाच्या वाटाघाटी फिसकटल्यावर टेनेसी सोडून यूसीएलएला जातो.

आणि पैसा नसल्यामुळे एक गोष्ट गेमला दाखवताच येत नाही: राहणं. पैशामुळे पोरं फक्त जातात असं नाही. २०२४ चा आमचा संघ बघा. विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटचा, केलेब डाऊन्स अलाबामाचा, क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीचा, हे बाहेरून आले. पण जॅक सॉयर, एमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन हे एनएफएल या व्यावसायिक लीगला जाऊ शकत असताना आणखी एक वर्ष थांबले, आणि कॉलेजात राहूनही चांगली कमाई होणार होती म्हणून ते थांबणं परवडलं. २०२५ च्या जानेवारीत कॉटन बोल या उपांत्य सामन्यात सॉयरनं टेक्सासच्या ईवर्सच्या हातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत नेला. दोघं कोलंबसला एकेकाळी एकाच खोलीत राहायचे. दहा दिवसांनी नोत्र दामला ३४-२३ हरवून आम्ही विजेते झालो. माझ्या केंट स्टेटच्या रिसीव्हरला मी नुसत्या शब्दांवर थांबवू पाहत होतो. खऱ्या कोचकडे आज आणखी एक मार्ग असतो.

२०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना मिळून २८० कोटी डॉलर, आणि २०२५-२६ मध्ये प्रत्येक कॉलेजला सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट द्यायची मुभा. म्हणजे खर्चाची मर्यादा आयती ठरलेली आहे. आठवड्याच्या तासांचा हिशोब जसा ठेवायला लावतात तसा एवढ्या रकमेचा ठेवायला लावला असता, तर क्वार्टरबॅकवर उधळायचे की बचावफळीला वाटायचे, या विचारात मी रात्री जागवल्या असत्या. १० जुलै २०२५ ला आलेल्या ‘२६’मध्ये खरे कोच आले, पण हा हिशोब तिथेही नाही.

घ्यावा का? हा फुटबॉल बघत असाल तर नक्की घ्या, पाचपैकी चार तारे. लॅपटॉपवर चालत नाही, प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज लागतो. ‘२५’ची वापरलेली डिस्क मिळाली तर डायनेस्टीसाठी तेवढी पुरे. एक मात्र सांभाळा: ‘अल्टिमेट टीम’ या भागात खेळाडूंच्या कार्डांची पाकिटं खऱ्या डॉलरनी विकत घेता येतात. घरात मुलं असतील तर डिस्क घालायच्या आधी कन्सोलवरच्या खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.