एपकॉट की कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर? थीम पार्कमधील खाद्यमहोत्सवाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

अमेरिकेत थीम पार्कमधील खाद्यमहोत्सवाला जायचे ठरले की दोन नावे सर्वप्रथम पुढे येतात. पहिले फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील ‘एपकॉट इंटरनॅशनल फूड अँड वाइन फेस्टिव्हल’ आणि दुसरे कॅलिफोर्नियातील अनाहाइमच्या डिस्नेलँड रिसॉर्टमधील ‘डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर फूड अँड वाइन फेस्टिव्हल’. दोन्ही एकाच कंपनीचे आणि दोन्हींची मूळ पद्धतही एकच: पार्कचे तिकीट काढले की महोत्सवात प्रवेश मिळतो, वेगळे प्रवेशशुल्क नसते, आत ठिकठिकाणी छोटे स्टॉल असतात आणि तेथे चवीपुरत्या आकाराच्या बशा व पेये एकेक करून विकत घ्यायची असतात. तरीही ज्याला एक आवडेल त्याला दुसरा आवडेलच असे नाही, कारण ऋतू, अंतरे आणि पदार्थांची मांडणी या तिन्ही बाबतींत दोघे बरेच वेगळे आहेत. अनाहाइमपासून जवळच ब्वेना पार्क येथील नॉट्स बेरी फार्ममध्येही असाच एक महोत्सव भरतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

निवड बहुतेकदा कॅलेंडरच करून टाकते. एपकॉटचा महोत्सव गेल्या काही वर्षांत जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालत आला आहे. २०२५ साली तो २८ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर या काळात भरला. कॅलिफोर्नियाचा महोत्सव वसंतातला आणि बराच आखूड असतो. २०२५ मध्ये तो २८ फेब्रुवारीला सुरू झाला आणि २१ एप्रिलला संपला. भारतातून शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला मार्च महिना परीक्षांमुळे जवळजवळ अशक्यच असतो आणि एप्रिलमध्ये परीक्षा आटोपून विमानात बसेपर्यंत अनाहाइमचे स्टॉल उठण्याची वेळ आलेली असते. दिवाळीची सुटी मात्र एपकॉटच्या महोत्सवात नेमकी बसते. उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांचा मुक्काम सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत असेल, तर त्यांच्यासाठीही एपकॉटच उरते. अमेरिकेत स्थायिक असलेल्यांना दोन्ही पर्याय खुले आहेत. त्यांच्यापैकी लॉस एंजेलिस, सॅन डिएगो किंवा सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात राहणाऱ्यांनी आधी अनाहाइम पाहावे, असे मी सुचवेन; केवळ बशाभर पदार्थांसाठी पहिल्याच खेपेला खंड ओलांडण्याची गरज नाही.

हवामानाचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे आणि तो हलका समजू नये. ऑगस्ट-सप्टेंबरमधील ऑर्लँडो म्हणजे ३२ अंशांच्या आसपासचे तापमान, कोकणासारखा दमट उकाडा आणि दुपारनंतर विजांसह कोसळणारा पाऊस. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असल्यामुळे संपूर्ण महोत्सव त्याच्या आतच पडतो. तारखा निवडण्याचे स्वातंत्र्य असेल तर ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरावा आणि विमानाची तिकिटे बदलता येतील अशीच घ्यावीत. अनाहाइमचा मार्च त्या मानाने सुखाचा असतो. दिवसा सौम्य ऊन, संध्याकाळी स्वेटर लागेल इतका गारवा आणि क्वचित एखादी सर.

आता खाण्याकडे वळू. एपकॉटची मांडणी देशांनुसार आहे. १९८२ साली सुरू झालेल्या या पार्कच्या ‘वर्ल्ड शोकेस’ भागात एका तलावाभोवती मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा अशी ११ देशांची कायमस्वरूपी दालने आहेत. महोत्सवाच्या काळात त्यांच्या अधूनमधून ब्राझील, ग्रीस यांसारख्या, एरवी तेथे दालन नसलेल्या देशांचे स्टॉल उभे राहतात. भारताचे कायमचे दालन नाही, पण भारताचा स्टॉल अनेक वर्षी लागलेला आहे. फ्लॉवर आणि छोले घातलेली मद्रास करी, लसणाचे लोणचे, आंब्याचे साल्सा आणि कोथिंबिरीच्या चटणीबरोबर दिलेला गरम नान असे पदार्थ तेथे मिळालेले आहेत. तो स्टॉल पाहून आनंद जरूर व्हावा, परंतु तेवढ्यासाठी पोटातली जागा खर्च करणे मला तरी पटत नाही. ती करी आपल्या घरी अधिक चांगली होते.

कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरची मांडणी देशांनुसार नसून बहुतांशी पिकांनुसार आहे. लसणाच्या पदार्थांचा ‘गार्लिक किस्ड’, अ‍ॅव्होकाडोचा ‘अ‍ॅव्होकाडो टाइम’, बेरीवर्गीय फळांचा ‘बेरी पॅच’ अशा नावांचे स्टॉल तेथे वर्षानुवर्षे दिसतात आणि त्यामागे कॅलिफोर्नियाच्या शेतीचा व द्राक्षमळ्यांचा अभिमान आहे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी पहिल्या स्टॉलपासून चार हात दूर राहावे हे सांगायला नकोच. स्टॉलची संख्या एपकॉटच्या तुलनेत फार कमी, साधारण डझनभराच्या आत-बाहेर असते, तर एपकॉटमध्ये ती तिशीच्या आसपास जाते. संख्येवर भुलून एपकॉटकडे धाव घेणारे पुष्कळ आहेत; मात्र एका माणसाच्या पोटात एका दिवसात आठ-दहा बशांपेक्षा जास्त काही जात नाही, हे लक्षात घेतले तर त्या मोठ्या आकड्याचा उपयोग अनेक दिवस राहणाऱ्यालाच होतो.

शाकाहारी वाचकांसाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत फसवा आहे. दोन्ही ठिकाणी मेन्यूवर ‘प्लांट-बेस्ड’ पदार्थांपुढे पानाचे चिन्ह असते. डिस्नेच्या व्याख्येप्रमाणे अशा पदार्थात मांस, दूध, अंडी आणि मध यांपैकी काहीही नसते, त्यामुळे काटेकोर शाकाहाऱ्यांनी डोळे मिटून विसंबावे असे ते एकमेव चिन्ह होय. अडचण चिन्ह नसलेल्या पदार्थांची असते. कॅनडाच्या स्टॉलवरील चेडर चीजचे सूप हा एपकॉटमधील अत्यंत लोकप्रिय पदार्थ आहे आणि ‘चीजचे सूप’ म्हटले की तो निर्धोक वाटतो, पण त्यात बेकन म्हणजे डुकराचे मांस असते. सूप आणि भाताच्या प्रकारांत कोंबडीच्या हाडांचे पाणी, मार्शमेलो आणि काही गोडांत जिलेटिन, काही चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट अशा गोष्टी नावात कधीच दिसत नाहीत. म्हणून ‘मीट आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. ‘ब्रॉथ कशाचा आहे’ आणि ‘बेकन आहे का’ असे नेमके विचारावे. अ‍ॅलर्जीची माहिती देणारी यादी स्टॉलवर मागता येते आणि अंड्यांचा उल्लेख त्यात सापडतो. गोमांस किंवा डुकराचे मांस टाळणाऱ्या मांसाहाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी.

अंडे चालत असेल तर एपकॉटचा पल्ला एकदम वाढतो. ग्रीसच्या स्टॉलवर पालक आणि फेटा चीज भरलेला स्पानाकोपिता मिळालेला आहे आणि ब्राझीलच्या स्टॉलवरचे चीजचे छोटे पाव तर मराठी माणसाने अवश्य चाखावेत, कारण ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो त्याच कंदाच्या पिठाचे ते असतात. चीजच्या शौकिनांसाठी एपकॉटमध्ये ‘एमिल्स फ्रोमाज मोंताज’ नावाचा उपक्रम असतो; ठरवून दिलेल्या चीजच्या पदार्थांपैकी पाच खाऊन पुस्तिकेत शिक्के घेतले की शेवटी एक खास पदार्थ किंवा भेट मिळते. निव्वळ शाकाहाराचा विचार केला तर माझे मत एपकॉटच्या बाजूने पडते, कारण तेथे स्टॉल अधिक असल्यामुळे चालतील अशा पदार्थांची संख्याही आपोआप अधिक असते.

पायांच्या बाबतीत पारडे उलटे फिरते. एपकॉट सुमारे ३०० एकरांवर पसरलेले आहे आणि केवळ तलावाची प्रदक्षिणाच जवळपास दोन किलोमीटरची होते. कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर सुमारे ७२ एकरांत आटोपते. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर हा फरक पदार्थांच्या फरकापेक्षा मोठा ठरतो. एपकॉटमध्ये तलाव ओलांडणाऱ्या फेरीबोटी आहेत आणि दोन्ही पार्कांत चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. ‘मला काय झालंय, मी रोज टेकडी चढतो’ असे म्हणणारे वडीलही दुपारी तीननंतर त्या खुर्चीकडे आशेने पाहू लागतात, म्हणून ती सकाळीच घेऊन ठेवावी. वाटेत पिशव्या ठेवायला तरी उपयोगी पडते.

रांगांची व्यवस्थाही अनाहाइममध्ये अधिक सोयीची आहे. तेथे महोत्सवातल्या कोणत्याही एका स्टॉलच्या खिडकीवर इतर स्टॉलच्या पदार्थांचेही पैसे भरता येतात, म्हणजे जिथे रांग लहान तिथे सगळी खरेदी करावी आणि पावती घेऊन त्या-त्या स्टॉलवर बशी उचलावी. डिस्नेलँडच्या अ‍ॅपवरून अनेक स्टॉलची मागणी आधी नोंदवताही येते. एपकॉटमध्ये बहुतांशी ज्या देशाचा पदार्थ त्याच देशापुढे उभे राहावे लागते. शिवाय ऑर्लँडोचे स्थानिक लोक शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी एका देशातून दुसऱ्या देशात पेला रिकामा करत हिंडण्यासाठी येतात, त्यामुळे लहान मुलांना घेऊन त्या वेळी जाण्यात मौज नाही. सोमवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडावा, हा सल्ला दोन्ही ठिकाणी लागू आहे, पण एपकॉटला तो अटीसारखा पाळावा.

खर्चाचा अंदाज असा. एका दिवसाचे तिकीट दोन्हीकडे १०० डॉलरच्या वरच जाते आणि तारखेनुसार बदलते, पार्किंग वेगळे. एक बशी साधारण ५ ते १० डॉलरना पडते, म्हणजे दोघांनी मिळून दहा बशा घेतल्या तर पाऊणशे डॉलरच्या आसपास खर्च येतो. एका बशीत दोन-चार घासच असतात, तरी दोघांत एक घेणेच शहाणपणाचे, कारण त्यामुळे चवी दुप्पट होतात. उष्ट्याचा विचार करणाऱ्यांनी घरून दोन जादा चमचे न्यावेत. अनाहाइममध्ये ‘सिप अँड सेव्हर’ नावाचा कूपनांचा पास मिळतो. ठरावीक संख्येची कूपने एकरकमी घ्यायची आणि प्रत्येकाच्या बदल्यात एक पदार्थ किंवा मद्यविरहित पेय घ्यायचे, अशी ती योजना आहे. कूपन महाग पदार्थांवर वापरले तरच पास परवडतो. स्वस्त गोडाच्या बशीवर ते उडवले तर रोखीनेच घेतलेले बरे होते. एपकॉटमध्ये असा कूपनांचा हिशोब बहुतांशी नसतो, मात्र तेथे मिळणारी महोत्सवाची पुस्तिका मोफत असते आणि खाल्लेल्या पदार्थांवर खुणा करत फिरण्यात मुले रमतात.

मद्य दोन्ही महोत्सवांच्या नावातच आहे, परंतु ते न घेणाऱ्याचे काही अडत नाही. घेणाऱ्याचे वय २१ पूर्ण असावे लागते आणि केस पांढरे झालेले असले तरी ओळखपत्र विचारले जाऊ शकते. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

नॉट्स बेरी फार्मचा ‘बॉयसनबेरी फेस्टिव्हल’ २०१४ पासून वसंत ऋतूत, म्हणजे जवळजवळ कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरच्याच तारखांना भरतो. रुडॉल्फ बॉयसन यांनी तयार केलेले हे संकरित फळ वॉल्टर नॉट यांनी १९३० च्या दशकात बाजारात आणले आणि त्या शेतातूनच पुढे हे पार्क वाढले. महोत्सवात पिझ्झापासून सॉसेजपर्यंत सगळ्यात हे एकच फळ घातलेले असते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या बशीनंतर जिभेला कंटाळा येण्याचा संभव आहे. प्रवेशाचे तिकीट डिस्नेपेक्षा स्वस्त पडते, पदार्थ चाखण्यासाठीचे कार्ड वेगळे विकत मिळते आणि शाकाहाऱ्याला निवड बेताचीच मिळते. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, हा आणखी एक तोटा. डिस्नेच्या दोन्ही पार्कांत मात्र दशम्या, ठेपले, कोरडा खाऊ बिनदिक्कत नेता येतो, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. केवळ बॉयसनबेरीचा ‘पाय’ (फळ भरून भाजलेला गोड पदार्थ) चाखायचा असेल तर नॉट्सच्या फाटकाबाहेरच्या बाजारभागात तो तिकिटाशिवायही मिळतो. ज्यांना तीव्र वेगाच्या राइड प्रिय आहेत आणि खाणे दुय्यम आहे, त्यांनीच नॉट्सचा पूर्ण दिवस धरावा.

तेव्हा मुले दहा वर्षांच्या आतली असतील, आजी-आजोबा बरोबर असतील किंवा हाताशी एकच दिवस असेल, तर कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर निवडावे. कंटाळलेल्या मुलांना समोरच्या डिस्नेलँडमध्ये नेणे काही पावलांचे काम आहे, अर्थात त्यासाठी दोन्ही पार्कांचे तिकीट हवे. त्या पार्कांना तिकिटाबरोबर तारखेचे आरक्षणही लागते, हे पाहुण्यांच्या हमखास ध्यानातून सुटते. सगळे प्रौढ असतील, चालण्याची तयारी असेल आणि दोन दिवस देता येत असतील, तर एपकॉटला तोड नाही.

एपकॉटला गेल्यास सकाळचा वेळ राइडसाठी ठेवावा, कारण वर्ल्ड शोकेसचा भाग एरवी ११ च्या सुमारास उघडतो आणि ‘कॉस्मिक रिवाइंड’सारखी उलट्या दिशेने सुटणारी राइड भरल्या पोटी घेणे म्हणजे खाल्लेले पैसे परत करणे आहे. अकराला स्टॉल उघडताच पहिल्या दोन तासांत सर्वाधिक हव्या असलेल्या चार-पाच बशा उरकाव्यात, भर उन्हात वातानुकूलित दालनांत बसावे आणि उरलेले खाणे चारनंतर सुरू करावे. बर्फ घातलेले साधे पाणी खाद्यपदार्थांच्या मोठ्या काउंटरवर फुकट मिळते. बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. अनाहाइममध्ये मात्र स्टॉलची वाट पाहत थांबण्यापेक्षा सकाळीच कोणत्याही मोकळ्या खिडकीवर दिवसभराची निम्मी खरेदी करून टाकावी. तेथे पोट भरले नाहीच, तर आर्टेशियातील पायोनिअर बुलेव्हार्डवरची भारतीय उपाहारगृहे मोटारीने अर्ध्या तासाच्या आसपास आहेत.